अठरा मीटरखालचं घर

९ नोव्हेंबर

पोचलो एकदाचा! अक्कलकुव्याहून मोलगीपर्यंत एसटी, मोलगीहून पुढे जीप. जीपमध्ये माणसं किती कोंबलीत ते मोजायला लागलो होतो, पण मांडीवर एका बाईची कोंबडी येऊन बसली आणि तिच्यावर लक्ष ठेवणं जास्त गरजेचं झालं. शेवटच्या वळणावर एकदम खाली नर्मदा दिसली. नदी कसली, धरणाच्या फुगवट्याचं पाणी! डोंगरांच्या मधोमध हिरवंगार भरून राहिलेलं. आम्ही प्रकाशा गावची माणसं, तापीच्या काठी वाढलेलो, नदी वाहते एवढंच आम्हाला ठाऊक. हे पाणी जागचं हलत नाही. पण देखणं आहे, खोटं कशाला बोला.

उंबरापाणी नावाच्या वस्तीच्या वर, टेकाडावर, कंपनीने माझ्यासाठी पत्र्याच्या दोन खोल्या घेतल्यात. मागे सीताफळाचं झाड, पुढे सारवलेलं अंगण. हवा अशी की नंदुरबारच्या मिरचीच्या खाटातून बाहेर आल्यावर नाक पहिल्यांदाच मोकळं झालं. होडी चालवायला जामसिंग नावाचा माणूस आहे, पंचेचाळिशीचा, बोलायला कंजूष. त्याची आई कमलीबाई माझ्या दोन वेळच्या भाकरी करणार.

काम सोपं आहे. होडीच्या कडेला डब्याएवढं यंत्राचं डोकं पाण्यात बुडवायचं. ते खाली आवाज सोडतं, आवाज तळाला आपटून परत येतो, आणि यायला किती वेळ लागला त्यावरून पडद्यावर खोली उमटते. लहानपणी विहिरीत तोंड घालून ओ करायचो तसंच, फक्त हे यंत्र सेकंदाला दहादा ओ करतं. तळाशी गाळ किती साचला ते कंपनीला हवंय. डोंगरांच्या बेचक्यात शिरलेला पाण्याचा हा एक कोपरा माझ्या वाट्याला आलाय. नकाशात एकही भोक न ठेवता तो पूर्ण करून दिला की नंदुरबारचे चंदनसर मला कायम करणार. कायम झालो की तिथे खोली घ्यायची आणि गायत्रीला घेऊन जायचं. तिला सातवा महिना लागलाय. आमचं बाळ आमच्या स्वतःच्या खोलीत आलं पाहिजे, एवढंच माझं मागणं आहे. ही वहीही तिनेच दिली. म्हणाली, मनातलं मला सांगत नाही तर निदान इथे लिहीत जा.

एक गंमत झाली. आल्या आल्या कमलीबाईने पितळी लोट्यात पाणी आणून पुढे धरलं. मी लोट्यात डोकावलो, कुठलं पाणी ते विचारलं, आणि पिशवीतली माझी बाटली काढून प्यायलो. अनोळखी जागी पोट बिघडवून घेणारा मी नव्हे. आई म्हणते की हेमकांत देवळात गेला तरी चपला काखेत घेऊन जाईल. जाईनच! विश्वास तर केव्हाच पानिपतात गेला. कमलीबाई लोटा तसाच पुढे धरून उभी राहिली. मग जामसिंगने तो घेतला आणि आत नेऊन ठेवला.

११ नोव्हेंबर

कामाला सुरुवात झाली. रोज आधी यंत्राची परीक्षा घ्यावी लागते, आणि ते माझ्या विशेष आवडीचं काम आहे. मीटरमीटरवर खुणा केलेल्या साखळीला लोखंडी पाटी बांधायची आणि यंत्राच्या डोक्याखाली सोडायची. पाटी पाचावर सोडली की पडद्यावर पाच दिसलं पाहिजे, दहावर सोडली की दहा. यंत्राचीही उलटतपासणी घ्यायची सोय आहे म्हणून हा धंदा मला आवडतो. माणसांसाठी अशी पाटी कुणी काढली तर मी पहिला गिऱ्हाईक.

मग शेत नांगरावं तशी होडी या काठापासून त्या काठापर्यंत सरळ न्यायची, वळवायची, पुन्हा आणायची. सकाळभर सुरळीत चाललं. दुपारी कोपऱ्याच्या मध्यावर आलो आणि जामसिंगने इंजिन बंद करून टाकलं. यंत्राची वायरही उपटली! होडी लाइन सोडून भलतीकडे वाहत गेली आणि पुष्कळ पुढे गेल्यावर त्याने इंजिन पुन्हा लावलं. मी भडकलो. नकाशात तेवढं भोक पडलं ना.

त्याने सांगितलं ते असं. खाली त्याच्या बापाचं, वाहरूचं घर आहे. पाणी चढणार म्हटल्यावर वस्तीतल्या सगळ्यांनी घरांचे खांब आणि कौलं उतरवून वर आणली. वाहरूने एक कौल काढू दिलं नाही. येणारा-जाणारा माझ्या ओट्यावर पाणी पितो, घर हललं तर तो कुठे पिणार, असं म्हणायचा. पाणी अंगणात आलं त्या पावसाळ्यात कमलीबाई जामसिंगला घेऊन वर आली. वाहरू मागून येतो म्हणाला तो आलाच नाही. आणि तुमचं यंत्र टकटक करतं, असं जामसिंगचं म्हणणं. आमच्याकडे कुणाच्या घरावर असं ठोकत नाहीत. अंगणात उभं राहून खोकायचं, आतला माणूस पाणी घेऊन बाहेर येतो.

बापाची आठवण आहे, ठीक आहे, मीही माणूस आहे. पण वायर उपटायची? यात कुठेतरी पाणी मुरतंय. मला वाटतं तिथे याची जाळी लावलेली असणार, नाहीतर डिझेल वाचवून विकत असणार. डबा किती उतरला त्यावर उद्यापासून खूण करून ठेवतो.

१२ नोव्हेंबर

सकाळी चहा टाकला होता. अंगणात कुणीतरी खोकलं. कोण आहे म्हणून आतूनच विचारलं. चहा उतू जाईल म्हणून तो गाळून बाहेर आलो, तोवर कुणी नव्हतं. उंबऱ्यावर पितळी लोटा, काठोकाठ भरलेला. जुना, बुडाला हिरवं चढलेलं, काठ एका जागी चेपलेला. पाण्याला धुराचा वास होता, चुलीच्या धुराचा.

आता हे कुणाचं काम ते सांगायला पंचांग कशाला? त्या दिवशी पाणी घेतलं नाही त्याचा राग. पाणी सीताफळाच्या बुंध्याशी ओतलं आणि लोटा घेऊन तडक खाली गेलो. कमलीबाई ज्वारी निवडत होती. लोटा पाहिला आणि तिचे हात थांबले. काठाचा चेपा तिने बोटाने चाचपला, मग लोटा जमिनीवर ठेवून मागे सरकली. मला म्हणे तो आमचा नाही. मग चेपा कसा ओळखीचा? मी तसं विचारलं. जामसिंगने आईशी त्यांच्या पावरी बोलीत काहीतरी बोलून घेतलं आणि मला सांगितलं की साहेब, पाणी ओतलं ते बरं नाही केलं, आता यंत्र काही दिवस बंद ठेवा. बघा, आली ना गाडी मूळ पदावर! यंत्र बंद ठेवायचं, हेच त्यांना हवंय. मायलेक मिळून मला घाबरवायला निघालेत.

संध्याकाळी त्यांच्या अंगणातून लोटा गेलेला होता. दोघंही म्हणे आम्ही उचलला नाही.

१४ नोव्हेंबर

आज सुकाणू मी हातात घेतलं. जामसिंगला पुढे बसवलं, पाठ माझ्याकडे करून. त्याने एकदा हात जोडले, मग तोंड फिरवून घेतलं. दुपारच्या लख्ख उन्हात होडी कोपऱ्याच्या मध्यावर नेली आणि यंत्र चालूच ठेवलं.

घर आहे! पडद्यावर सपाट गाळ होता आणि त्यातून एकदम छपराची दोन उतरती पाखी वर आली, मधे आढं. अठरा मीटर खाली. इतकी वर्षं पाण्यात राहून कूड-कौलांचं घर उभं कसं, देव जाणे. मला तर आनंद झाला, असं ठळक चित्र रोज मिळत नाही. एका लाइनवर भागलं नाही म्हणून उभ्या-आडव्या चार मारल्या. शेवटी होडी नेमकी आढ्यावर थांबवली आणि यंत्राला तिथेच ओरडू दिलं. कान लावला तर डोक्याची टकटक लाकडातून ऐकू येते, हे मात्र खरं.

थांबलो होतो तेव्हा आढ्याच्या वर एक बारीक रेघ दिसली. आधी पंधरावर, मग चौदावर. मासा असणार. असल्या रेघा काढून टाकायच्या असतात. सगळेच काढतात, नाहीतर नकाशात तळापासून उगाच सुया उभ्या राहतात. संध्याकाळी बसून मी ती पुसली. चंदनसरांना फोन करायला डोंगराच्या डोक्यावर गेलो, फक्त तिथेच रेंज आहे. ते खूश झाले. आता दोन-तीन दिवसांचं काम उरलंय म्हणालो.

गायत्रीशीही बोललो. लोट्याचं सांगितलं तर हसली. म्हणाली, "तुम्हना कोनावर भरोसाच नही. पानी दिधं तं पेवाले काय झायं?" काय झालं म्हणजे? पाण्यात काय घातलंय ते कुणी पाहिलंय का? पोरीला जग ठाऊक नाही.

१६ नोव्हेंबर

पुन्हा लोटा. तोच, चेपलेला. पुन्हा आधी अंगणात खोकला. या वेळी मी चहा टाकून धावलो, तरी अंगण रिकामंच. पण सारवणावर ओली पावलं होती, अनवाणी, बोटं पसरलेली. पाण्याकडून आलेली दिसली. परत गेलेली दिसली नाहीत. म्हणजे बाजूच्या दगडांवरून गेला असणार, लबाड. पाणी दारातूनच फेकलं आणि लोटा सगळ्यांना दिसेल असा कठड्यावर ठेवला.

होडीत बसल्यावर ठरवलं की आज जामसिंगला पकडायचंच. कारण ती रेघ. काल सगळ्या कोपऱ्यात कुठेही नव्हती, आणि आज घरावर आलो तशी पुन्हा दिसली, अकरावर. मासा एकाच जागी राहून दिवसागणिक वर येत नाही. यंत्र खोटं बोलतंय, आणि ते याने बिघडवलंय, असं मी धरून चाललो. साखळीच्या खुणा टेपने मोजून काढल्या. बरोबर. पाटी दहावर सोडली. पडद्यावर दहा, अगदी बरोबर. आणि पाटीच्या खाली, तिला चिकटून, ती रेघ.

मग साखळीला हिसका बसला. मासा गळाला लागल्यावर बसतो तसा नाही. कुणी वस्तू हातात घेऊन पाहावी आणि परत सोडावी तसा. मी भराभर साखळी ओढली. पाटी वर आली तर तिच्यावर गाळ होता, आणि गाळात पाच बोटं ओढल्याच्या खुणा. तळ अठरावर आहे. दहावर गाळ कुठून आला?

जामसिंग मागे इंजिनपाशी बसला होता, पाटीपासून लांब, हात कोरडे. तरी मी त्यालाच धरलं. वाट्टेल ते बोललो. तुझ्या बापाच्या नावावर धंदा करतोस असंही बोललो.  पाटीवरच्या खुणांवर त्याने आपली बोटं ठेवून पाहिली, त्याची बोटं आखूड पडली. मग डोक्याचं फडकं सोडून त्याने तोंडावर धरलं आणि पोर रडावं तसा रडला.  मी पाटी धुऊन टाकली.

१७ नोव्हेंबर

जामसिंग आणि कमलीबाई निघून गेले. मोलगीला नातेवाईक आहेत, तिकडे. होडीची किल्ली माझ्या हातात दिली. कोंबड्याही बरोबर घेतल्या, म्हणजे लवकर परतायचा विचार नाही.

जायच्या आधी कमलीबाई टेकाड चढून आली. धापा टाकत होती. तिला मराठी फारसं येत नाही म्हणून जामसिंग सांगत गेला. त्यांच्याकडे पाहुण्याने पाणी नाकारलं की ते वैर धरतात. पण वाहरू वैर धरणारा नव्हता. कुणी लाजला, कुणी संशय घेतला, तर तो तीनदा पाणी पुढे करायचा. चौथ्यांदा पुढे करायचा नाही. पाहुण्याचा हात धरायचा, हसत हसत घरी न्यायचा, खाटेवर बसवायचा आणि आपल्या हाताने पाजायचा. गावभर त्याची ही खोड माहीत होती. ती मला घाबरवत नव्हती. नवऱ्याचं कौतुक सांगावं तसं सांगत होती, तेच मला जास्त वाईट वाटलं.

शेवटचं तिने स्वतः सांगितलं, तोडक्या मराठीत, माझं मनगट धरून. "उद्या आणल तर पी. एक घोट. लोटा पालथा ठेव. बस. तो जाईल घरी."

हो म्हणालो. ती गेल्यावर विचार केला. दोनदा पाणी प्यायलो नाही, तर तिसऱ्यांदा पाजायला जामसिंगची आई आली. एवढा आग्रह कशासाठी? ताकही फुंकून प्यावं म्हणतात, मी तर पाणीही फुंकून पितो.

१८ नोव्हेंबर

आला. लोटा आला. मी पहाटेपासून दार उघडं टाकून उंबऱ्याकडे बघत बसलो होतो. पापणी लवली असेल, तेवढ्यात. खोकला मात्र अगदी जवळ झाला, ओला, छातीत पाणी असल्यासारखा.

मायलेक मोलगीत आहेत. मग हा कुणी आणला?

उचलला. ओठांपर्यंत नेला, खरंच नेला. गार होता. मग मनात आलं की ते गेले हे तरी मी पाहिलंय का? जीप पाहिली नाही मी. नुसते वळणापर्यंत जाताना दिसले. मागे फिरून झाडीत बसले असतील. मी प्यायलो आणि पडलो की यंत्र, होडी, सगळं त्यांचंच.

पाण्यासकट लोटा भिरकावला. उतारावरून खडखडत गेला. पाण्यात पडल्याचा आवाज यायला हवा होता. खडखड मधेच थांबली, कुणी झेलावा तशी.

१९ नोव्हेंबर

एक लाइन उरली होती. फक्त एक, त्या घरावरची. ती केली की नकाशा पुरा, नोकरी कायम, गायत्री, खोली. माणसाने एका लाइनसाठी पळून जायचं का? एकटाच गेलो. भर दुपारी गेलो, ऊन डोळ्यांत मावत नव्हतं.

कोपऱ्याच्या मध्यावर पडद्यावर घर आलं. रेघ नव्हती. हुश्श केलं. मग दिसलं की रेघ आहे, वर आहे, सहावर. मग चारावर. होडी पुढे गेली तशी तीही आली, माझ्याबरोबर, लाइन न सोडता. तीन. दोन. यंत्राच्या डोक्याखाली अर्धा मीटर. त्याच्या आतलं यंत्राला दिसत नाही, पडदा कोरा झाला. टकटक बंद पडली. यंत्र चालू होतं. त्याच्या डोक्यावर कुणीतरी तळहात ठेवला की बंद पडते तशी बंद पडली.

होडीच्या बाहेर बघितलं नाही. सरळ काठ गाठला.

लाइन अर्धी राहिली. नकाशात भोक राहिलं, नेमकं घराएवढं. राहू दे—

डोंगरावर जाऊन गायत्रीला फोन केला. सगळं सांगायला गेलो आणि रडू आलं. तिने एवढंच ऐकलं. म्हणाली, उद्या भावाला, भरतला, घेऊन येते. येऊ नको म्हणालो, ओरडलो, सातव्या महिन्यात हा रस्ता— रेंज गेली. खूप प्रयत्न केला, परत लागला नाही.

उद्या सकाळी मोलगीला निघायचं. तिला वाटेतच गाठायचं.

२० नोव्हेंबर

निघू शकलो नाही. अंगणात खोकला. सकाळपासून. दार लावून आतल्या खोलीत बसलोय. यंत्राचं डोकं काढून आणलं होतं, ते बादलीत टाकून पाहिलं. हातभर पाणी त्या बादलीत. पडद्यावर अठरा. आढं, दोन पाखी, अंगण. अंगणात कुणी नाही. घर रिकामं आहे. मालक बाहेर गेलेत.

परतीची पावलं आहेत की नाही, दार उघडं आहे की— काय लिहितोय मी. जीपचा आवाज येतोय. देवा, तिला खालीच थांबव.

दुपार. ती आली. बाहेरून मला हाका मारत होती. दुसराही आवाज होता, ती कुणाशी तरी बोलत होती. धावलो, कडी काढली. गायत्री एकटी, उन्हाने लाल झालेली, हसतेय. भरत गाडीपाशी आहे, चाकात हवा कमी झालीय म्हणून. कुणाशी बोलत होतीस? म्हणाली, अंगणात एक बाबा उभे होते, लोटा घेऊन. तहानेने जीव गेला होता, त्यांनी पाणी पुढे केलं, मी घटाघटा प्यायले. गोड होतं. लोटा पालथा करून दिला आणि पाया पडले. त्यांनी माझ्या पोटाकडे पाहून हात वर केला, आशीर्वाद दिला.

तिला काही झालेलं नाही. तिला काही होणार नाही. सगळ्या अंगाला कळलं माझ्या. एक घोट होता फक्त. एक घोट, आणि मी—

मी पुन्हा आतल्या खोलीत शिरलो तेवढ्यात तिने त्यांना आत बोलावलं. पहिल्या खोलीत खाटेवर बसलेत. भिंतीपलीकडे पाणी ठिबकतंय जमिनीवर. गायत्री मला रागावतेय, दबक्या आवाजात. "म्हतारा मानूस शे, कपडा वल्ला शेतस. कितला येळ बसाडी ठेवशात?" त्यांनी तिला सांगितलं म्हणे की तुझ्या नवऱ्याने माझ्या घरावर येऊन खूप हाका मारल्या. मी तीनदा आलो, त्याला सवड नव्हती.

म्हटलं, लोटा आण. मी पितो. सगळा पितो. पाया पडतो.

ती विचारून आली. म्हणाली, बाबा म्हणतात, त्यांचं पाणी घरी ठेवलंय.

गायत्रीला भरतकडे पाठवलं. गाडीत बस म्हटलं, मागे बघू नको, मी आलोच. गेली. टेकाड उतरल्याचा आवाज आला, गाडीचं दार लागलं. बरं झालं.

मी लिहितोय तोवर ते थांबलेत. पाहुण्याचं हातातलं काम होईपर्यंत थांबायचं, अशी त्यांची रीत असणार. म्हणून लिहितोय. काय लिहू. चंदनसर, लाइन अर्धी राहिली. जामसिंग, तू लबाड नव्हतास. गायत्री, बाळाला शिकव, कुणी पाणी पुढे केलं तर—

खोकले. दारात.

चेहऱ्याकडे बघत नाही. हात दिसतोय. बोटं लांब आहेत, जामसिंगच्या बोटांहून. हसताहेत वाटतं. मनगट धरलं. गार आहे, पण धरलंय अगदी पाहुण्याला धरतात तसं, सावका—